हिमकण पडले की कुत्री बागेतून आत येत नाहीत, काय करू?

नमस्कार मंडळी. आम्ही महाबळेश्वरात लिंगमळ्याच्या बाजूला राहतो. वेण्णा लेककडच्या सखल भागात रात्री गार हवा साचून राहते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की पारा ४-५ अंशांवर असतानाही आमच्या हिरवळीवरचं दव गोठतं. पर्यटक गाडीच्या टपावरचे हिमकण खरवडून फोटो काढतात. आमच्याकडे खरवडायला दोन कुत्री आहेत.

बंड्या लॅब्रॅडोर, ९ वर्षांचा. राणी कारवानी जातीची (सडसडीत शिकारी कुत्री), दीड वर्षाची, माणदेशातल्या एका मेंढपाळाकडून आणलेली. साडेसहाला दार उघडलं की राणी सुटते. पायाखाली गवत करकर वाजतं, त्याचंच तिला वेड. मग नळाखालच्या बादलीवरचा बर्फाचा पापुद्रा पंजानं फोडून तुकडे कुडुमकुडुम खायचे. बंड्या पळत नाही. मधोमध उताणा होऊन लोळतो, उठला की पाठीवर पिठी भुरभुरल्यासारखी. सासूबाई चुलीपासून ओरडतात, "अगं, मुक्या जिवाला न्युमोनिया होईल!" या दोघांना मुकं म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

आता अडचण. राणी दहा मिनिटांत कापायला लागते, एक पाय उचलून उभी राहते, तरी आत यायचं नाव नाही. सासूबाईंनी जुन्या गोधडीचा अंगरखा शिवला, तो तिनं कुंपणावर फाडून ठेवला. बंड्या मजेत असतो, पण नंतर उठताना त्याचे मागचे पाय आखडतात. आणि खरी काळजी वेगळीच आहे. कुंपणापलीकडे स्ट्रॉबेरीचे वाफे आहेत, राणी फटीतून जाऊन मल्चिंग पेपरवरचं (वाफ्यावर अंथरलेल्या प्लॅस्टिकवरचं) गोठलेलं दव चाटते. तिथे औषध फवारतात. कुणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद :
ताई, पाय उचलला म्हणजे पंजे गारठले, तिथेच खेळ थांबवा. लॅबची लव दुपदरी, आत दाट मऊ थर असतो. कारवानीला तो नाही, अंगावर चरबीही नाही. दोघांना एकच नियम लावू नका. राणीला आधी घरात पळवून अंग तापवा, बाहेर पाचच मिनिटं. आत आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. अंगरखा पोटाखालून बंद लावून शिवा, नुसता पाठीवर टाकलेला टिकत नाही.

बंड्याचे सांधे डॉक्टरांना दाखवा. आपली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन चुकूनही देऊ नका, कुत्र्यांना विषारी ठरतात. फट आजच बुजवा. शेजाऱ्यांना औषधाचं नाव विचारून लिहून ठेवा. लाळ गळाली, उलटी झाली, अंगाला झटके आले तर ती चिठ्ठी घेऊन थेट दवाखाना गाठा.

धागाकर्ती :
फटीला जाळी ठोकली. औषधाचं नाव फ्रीजवर चिकटवलंय. राणी आज जाळीपाशी बसून अर्धा तास माझ्यावर भुंकली, कुंपणाच्या आतून, चुलीजवळ ये म्हटलं तरी.