कर्णबधिर मुलाला स्वमग्नताही (ऑटिझम) असेल तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर)

माझा मुलगा पावणेपाच वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असताना बेरा चाचणीत (आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणारी चाचणी) दोन्ही कानांना तीव्र बहिरेपणा असल्याचे निष्पन्न झाले. तेव्हापासून कानाला ऐकण्याचे मशीन आहे. पण तो ते दहा मिनिटांत ओढून काढतो आणि मागच्या पावसाळ्यात तर एक मशीन केएमटीच्या बसमध्येच हरवले. तो बोट दाखवत नाही, काही हवे असले की माझे मनगट धरून तिथे नेतो आणि फिरत्या पंख्याकडे तासन् तास पाहतो. "ऐकू येत नाही म्हणून असा वागतो," असे म्हणण्यात तीन वर्षे गेली. आता बालविकासतज्ज्ञांनी स्वमग्नता सांगितली आहे. कर्णबधिरांची शाळा म्हणते की तो जागेवर बसत नाही. स्वमग्न मुलांचे केंद्र म्हणते की त्याला ऐकू येत नाही, तर सूचना द्यायच्या कशा? खुणा शिकवल्या तर तो बोलायचाच नाही, असे सासूबाईंना वाटते.

उत्तर 1 (श्रवणतज्ज्ञ)

ताई, ही दोन्ही निदाने एकत्र असू शकतात. हाकेला ओ न देणे किंवा उशिरा बोलणे, यावरून कर्णबधिर मुलाला स्वमग्न ठरवता येत नाही. परंतु केवळ कर्णबधिर असलेले मूल एरवी डोळ्यांनी जगाशी जोडलेले असते. ते चेहरे न्याहाळते, बोट दाखवते, लक्ष वेधण्यासाठी पदर ओढते. हे सारे कमी असेल, तर त्याचे कारण केवळ बहिरेपणात सापडत नाही. स्वमग्नतेच्या 'इसा' या भारतीय मापन चाचणीत 40 बाबी असून वाचा व संवाद हा त्यातला एक स्वतंत्र विभाग आहे, म्हणून चाचणी घेणाऱ्यांना बेराचा अहवाल आधी दाखवावा.

मशीनबाबत प्रथम मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला कानात बसणारा भाग, तपासून घ्या. कान वाढतो तसा तो सैल होतो आणि शिट्टी वाजू लागते. मोल्ड ठीक असेल, तर कानातला स्पर्शच त्याला सोसत नसावा. अशा वेळी आवडता खेळ चालू असताना दोन-तीन मिनिटांपासून सुरुवात करून वेळ हळूहळू वाढवावा. मशीनला दोरी आणि क्लिप मात्र आजच लावा.

उत्तर 2 (एक वडील, इचलकरंजी)

ताई, माझी मुलगी अकरा वर्षांची असून तिलाही दोन्ही आहे. खुणांमुळे तिचे बोलणे थांबले नाही, कारण ते मुळात सुरूच झाले नव्हते. थांबले ते डोके आपटणे, आणि तेही 'पुरे' ही खूण आल्यावर. आम्ही पाणी, पुरे, आणखी आणि बाहेर एवढ्या चारच खुणांनी सुरुवात केली. टाटा करताना ती तळहात स्वतःकडे वळवत असे. समोरच्याचा तळहात आपल्याला जसा दिसतो तसाच स्वतःचा धरणे, हे स्वमग्न कर्णबधिर मुलांत आढळते, असे पुढे कळले. तेव्हापासून आम्ही समोर न बसता शेजारी बसून खूण करतो. बाहेर पडण्यापूर्वी मंडई, दवाखाना, रंकाळा असे फोटो क्रमाने दाखवतो. आणखी एक गोष्ट : रात्री लाइट गेली की या मुलांची भाषाच जाते, म्हणून माझ्या खिशात कायम टॉर्च असते.

उत्तर 3 (विशेष शिक्षिका)

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत श्रवणदोष, स्वमग्नता आणि बहुविकलांगता हे तिन्ही येतात, त्यामुळे प्रमाणपत्रावर केवळ बहिरेपणाची नोंद करून परतू नका. स्वमग्नतेची नोंद असल्यास केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या (नॅशनल ट्रस्ट) 'निरामय' योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळू शकतो. दोन्ही संस्थांच्या शिक्षकांना एकदा एकत्र बसवा आणि एकच खुणांचा संच ठरवून घ्या. शाळेत एक खूण आणि घरी दुसरी असली, तर या मुलाला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

प्रश्नकर्ती

मोल्ड काढून पाहिला. तो खरोखरच सैल आहे. सोमवारी नवे माप देणार आहोत. 'पुरे' ही खूण सासूबाईंनाही दाखवली; त्या अजून साशंक आहेत, पण जेवताना त्यांनी ती दोनदा केली.