नातेवाईक उमेदवार असताना निवड समितीत बसावे का?

प्रश्न: स्थानिक संस्थेच्या भरतीत विभागप्रमुखांचा पुतण्या उमेदवार आहे. त्यांनी नाते लेखी कळवले, पण मुलाखत समिती सोडली नाही. एवढे पुरेसे मानावे का?

उत्तर १: नाही. पात्रतेच्या अटी ठरवण्यापासून गुण देण्यापर्यंत त्यांचा कुठेही सहभाग नसावा, कारण अटीच एखाद्याच्या मापाने बेतल्या गेल्या, तर पुढची मुलाखत कितीही निःपक्षपाती झाली तरी तिचा उपयोग नाही.

उत्तर २: सहमत, मात्र केवळ नात्यामुळे पात्र उमेदवाराला डावलणेही अन्यायाचेच. नेमणुकीनंतर तो काकांच्याच हाताखाली येणार का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

उत्तर ३: नीतिपालन समितीकडे, म्हणजे संस्थेत आचारनियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या समितीकडे, लेखी तक्रार करून गुणपत्रके तपासण्याची मागणी करावी. या समितीचे सदस्य त्याच विभागप्रमुखांनी नेमलेले असतील, तर चौकशी बाहेरच्या यंत्रणेकडे सोपवावी.