मदत हवी आहे: घरभेटीतल्या गोष्टी कथेत कशा आणायच्या?
मी वसईची. मोठीच्या पहिल्या कम्युनियनची (चर्चमधला मुलांचा एक संस्कार) तयारी, धाकट्याचं दुखणंखुपणं, शिवाय पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या भागात, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम: जोडीने गरजूंच्या घरी जायचं, किराणा-औषधांचं बघायचं. (१८३३ साली पॅरिसमध्ये मित्रांसह ही संस्था सुरू करणारे ओझानाम पुढे प्राध्यापक, लेखक आणि बापही झाले. घर मात्र बहुधा पत्नीच बघत असावी!)

लिहायला मुलं झोपल्यावरच बसते. वेळेचं कसंही जमवेन, पण अडचण वेगळीच आहे. घरभेटीतलं बाहेर बोलायचं नाही हा आमचा नियम, आणि कथा सुचतात नेमक्या तिथल्याच. नाव-गाव बदललं तरी आमच्या आळीत माणूस लगेच ओळखतात.

लिहित्या आयांनो, तुम्ही काय करता? काही वर्षं थांबता, की त्या माणसालाच विचारता?