केस मॅनेजमेंटला मराठीत काय म्हणतात? आणि ज्यूरी म्हणजे पंच का?

कोथरूडकरीण
भाषांतराचं काम घेतलंय, विषय अमेरिकेतली दिवाणी कोर्टं आणि ज्यूरीसमोरचे दावे लवकर कसे निकाली काढता येतील. केस मॅनेजमेंटपाशी अडलेय. म्हणजे दावा दाखल झाला की जजने दोन्ही वकिलांना बोलवून कागद कधी, साक्षीदार किती, ट्रायल कधी हे सगळं ठरवून द्यायचं आणि पुढे ते पाळलं जातंय का ते स्वतः बघायचं. 'प्रकरण व्यवस्थापन' लिहिलं तर नवरा विचारतो कुणाचं प्रकरण. आणि ज्यूरीला 'पंच' लिहिलं ते संपादकांनी खोडलं. सुचवा काहीतरी.

उलटतपास
संपादक बरोबर आहेत. पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करायला रस्त्यातून धरून आणलेला माणूस, तो कोर्टात येतो साक्षीदार म्हणून आणि ऐनवेळी फितूर होतो. ज्यूरी पुरावा ऐकून काय घडलं ते ठरवते, कायदा काय ते जज समजावतो. ज्यूरीच ठेवा.

शनिवारपेठी
पोलिसांनी शब्द खराब केला म्हणून आपण टाकून द्यायचा? पेशवाईत वतनाची, वाटणीची भांडणं पंचायतच मिटवायची, आणि इंग्रज आल्यावर एल्फिन्स्टननेही पंचायती लगेच मोडल्या नाहीत. सार्वजनिक काकांचं (ग. वा. जोशींचं), तंटे आपसात मिटवणारं लवाद कोर्ट तर इथलंच. 'न्यायपंच' म्हणा, छान शब्द आहे.

उलटतपास
काका, पंचायतीतले पंच ओळखीचे असायचे, दोन्ही बाजूंना मान्य असायचे. अमेरिकेत पक्षकाराशी ओळख निघाली तर नाव कापतात. तिकडे संघीय कोर्टात दिवाणी ज्यूरी किमान ६ जणांची, जास्तीत जास्त १२, आणि बहुमत चालत नाही, दोन्ही पक्ष आधीच कबूल झाले असतील तर गोष्ट वेगळी. यात पंच कुठे बसतो?

मुळामुठा
ज्यूरी शब्द पुण्याला नवा आहे का पण? टिळकांच्या १९०८ च्या खटल्यात ७ विरुद्ध २ झालं ते ज्यूरीतच ना, घरोघरी माहीत असलेली गोष्ट. आमचे आजोबा 'ज्यूरीतले गृहस्थ' म्हणायचे. नानावटी खून खटल्यानंतर बंद झाली ती.

उलटतपास
नानावटीमुळे बंद झाली हे सगळेच म्हणतात. तिथे ज्यूरीने ८ विरुद्ध १ ने सोडलं आणि हायकोर्टाने फिरवलं हे खरं, पण राज्याराज्यांतून ती आधीपासूनच कमी होत होती, १९७३ च्या फौजदारी संहितेने उरलीसुरली गेली. पारशी घटस्फोटात तसली माणसं अजून बसतात, फक्त कायदा त्यांना ज्यूरी म्हणत नाही, डेलिगेट म्हणतो.

कोथरूडकरीण
हे भारीये, पण केस मॅनेजमेंट?

शनिवारपेठी
'दाव्याची आखणी'.

उलटतपास
आखणी एकदा होते आणि कागदावर राहते. मॅनेजमेंटमध्ये जज मागे लागतो, हाच तर मुद्दा आहे. २०१५ च्या कमर्शियल कोर्ट कायद्याने आपल्याकडेही केस मॅनेजमेंट हिअरिंग आणलं आणि वकील बोलताना तेच म्हणतात, अशिलालाही कळतं.

शनिवारपेठी
अशिलाला काय, तारीखसुद्धा कळते. म्हणून मराठी सोडायची?

मुळामुठा
काका, तारीख अरबी आहे 😄

शनिवारपेठी
मुरलेली आहे ती. ज्यूरी, मॅनेजमेंट अजून मुरलेले नाहीत.

दरखास्त
आत्याचा जागेचा दावा आहे म्हणून सांगते, तारीख आणि मुदत एक नाही. तारीख कोर्ट देतं, बोर्डावर लागते. मुदत समोरचा मागतो, वकील आजारी आहेत, कागद सापडत नाहीत वगैरे. आमच्याकडे निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, त्यावरच इतक्या मुदती झाल्या की आत्या आता 'मुदत पडली' असं पाऊस पडल्यासारखं म्हणते. सुनावणीत एका बाजूला तीनपेक्षा जास्त मुदती नाहीत असा नियम आहे ना?

उलटतपास
आहे, दिवाणी संहितेचा १७ वा आदेश. पण सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये सांगितलं की खरोखर हाताबाहेरचं कारण असेल तर चौथीही देता येईल, मग काय, सगळ्यांचंच कारण हाताबाहेरचं. कैफियतीचंही, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराचंही, तसंच, ३० दिवस, फार तर ९० असं लिहिलंय.

मुळामुठा
कैफियत हा शब्द मला फार आवडतो. कैफ चढतो त्यातलाच ना?

शनिवारपेठी
काहीतरीच. अरबीत 'कैफ' म्हणजे 'कसे'. कैफियत म्हणजे कसं घडलं त्याची हकीकत. नशेचा संबंध नाही.

मुळामुठा
मग नशेचा कैफ कुठून आला? तोही अरबीच असणार की.

शनिवारपेठी
तो वेगळा.

मुळामुठा
वेगळा कशावरून?

दरखास्त
आमच्या समोरच्या पार्टीची कैफियत वाचा, मग संबंध आहे का नाही ते सांगा.

शनिवारपेठी
मोल्सवर्थचा शब्दकोश काढतो, थांबा.