कॉर्न: मका, धान्य की पायाचं कुरूप?

माझी पुतणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. परवा तिच्या वहीत वाचलं, ‘इंग्लंडचे कॉर्न लॉ म्हणजे मक्याच्या आयातीवरचे कायदे.’ तिला तरी काय बोलणार? तिनं कॉर्न हा शब्द पाहिला तो स्वीट कॉर्नच्या गाड्यावर, नाहीतर पॉपकॉर्नच्या पुड्यावर. तिथे तो मकाच आहे. पण १८१५च्या त्या कायद्याचा मुख्य रोख गव्हावर होता. देशी गव्हाचा भाव क्वार्टरमागे (क्वार्टर हे धान्याचं जुनं इंग्रजी माप) ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही, अशी त्यातली अट. जमीनदारांचं भलं झालं, गरिबांचा ब्रेड महागला, आणि १८४६ मध्ये कायदा रद्द झाला.

मग कॉर्न म्हणजे गहू का, असं तिनं विचारलं. मी तिला आमच्या परभणीकडच्या गिरणीची आठवण दिली. दळणाचा डबा ठेवला की गिरणीवाला विचारतो, “पीठ का कणिक?” पीठ म्हणजे ज्वारीचं, हे त्यानं आणि आपण धरूनच चाललेलं असतं. कोशात पीठ कशाचंही असू शकतं, पण इथे नुसतं पीठ म्हटलं की ज्वारी. भाकरीचंही तेच. बाजरीची असेल तर तसं सांगावं लागतं, ज्वारीची असेल तर नुसती भाकर. कोकणात तीच भाकरी तांदळाची होते.

कॉर्न हा शब्द अगदी असाच वागतो. मुळात अर्थ दाणा, धान्य. पुढे ज्या मुलखाचं पोट ज्या धान्यावर, तिथे कॉर्न म्हणजे ते धान्य. इंग्लंडात गहू, स्कॉटलंडात ओट, आणि जर्मनीच्या बऱ्याच भागांत कोर्न म्हणजे राय. इंग्रज अमेरिकेत गेले तेव्हा तिथल्या लोकांच्या मक्याला त्यांनी इंडियन कॉर्न म्हटलं. कालांतरानं इंडियन गळालं आणि कॉर्न उरलं. मेझ हा दुसरा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आलेला.

म्हणून जुनं इंग्रजी वाचताना कॉर्न दिसलं की मका लिहू नये, असं मला कळकळीनं वाटतं. १६११च्या इंग्रजी बायबलात रूथ नावाची बाई बेथलेहेमच्या शेतात ‘इअर्स ऑफ कॉर्न’ म्हणजे कणसं वेचायला जाते. हंगाम जवाच्या कापणीचा आहे. मका अमेरिकेबाहेर पडला तोच कोलंबसाच्या १४९२च्या सफरीनंतर, तेव्हा बेथलेहेमच्या रानात तो असणं शक्यच नाही. आणि रूथ जे करते त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, सरवा वेचणं. ज्वारीची कणसं मोडून झाली की मागे राहिलेली कणसं वेचायला बायका-लेकरं रानात जायची, तोच सरवा. मराठी बायबलातही हाच शब्द घेतला आहे, आणि तो वाचला की मला आमचं रान दिसतं.

इंग्रजीत सगळ्यांना एकच इअर. आपण ज्वारी, बाजरी, मक्याला कणीस म्हणतो, गव्हाला ओंबी, भाताला लोंबी. (हा इअर आणि कानाचा इअर हे मुळात वेगळे शब्द, पुढे उच्चार एक झाला.)

आता व्युत्पत्ती. ‘कण, कणीस, कणिक, तसंच कॉर्न’ अशी साखळी फार लोक जोडतात. कणीस आणि कणिक कणावरूनच आले, ते बरोबर. पण कॉर्न त्या घरातलं नाही. संस्कृत आणि इंग्रजी नातं ठरतं ते ध्वनींच्या नेमानं, नुसत्या सारखेपणानं नव्हे. इंग्रजीतल्या अशा जुन्या ‘क’समोर संस्कृतात बहुधा ‘ज’ येतो. जानु आणि नी, ज्ञा आणि नो, जन आणि किन. नी आणि नो यांच्या स्पेलिंगमध्ये तो ‘क’ अजून आहे, बोलण्यातून गेला. त्याच नेमानं कॉर्नचा सोयरा निघतो जीर्ण! मूळ धातूचा अर्थ पिकणं, वय होणं. लॅटिन ग्रानुम आणि त्यावरून आलेला ग्रेन हेही याच घरातले. कर्नल म्हणजे गर, तो तर कॉर्नचंच लहान रूप. पिकलेला दाणा आणि जीर्ण माणूस एका धातूचे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच पानावर होतो.

कॉर्न्ड बीफमध्ये मका नसतो. मांस मिठाच्या जाड दाण्यांत मुरवायचे, ते दाणे म्हणजे कॉर्न.

राहिलं पायाचं कॉर्न, आपलं कुरूप. त्याचा धान्याशी काही संबंध नाही. ते लॅटिन कोर्नूवरून आलं, अर्थ शिंग. कातडी शिंगासारखी कडक होते म्हणून. युनिकॉर्नमध्ये तेच शिंग आहे. इथे नेम दुसरा. लॅटिन ‘क’, इंग्रजी ‘ह’, संस्कृत ‘श’. जसं केंटुम, हंड्रेड, शत, तसंच कोर्नू, हॉर्न, शृंग. म्हणजे रानातलं कॉर्न जीर्णचं आणि तळपायातलं कॉर्न शिंगाचं नातलग.

नांदेड, लातूर, बीडकडच्यांना विचारायचं होतं, तुमच्याकडे नुसतं पीठ म्हटलं की अजून ज्वारीचंच समजतात का? आणि सरवा हा शब्द घरात कोणी वापरतं का?