सोर्स कोड: लेखन की हत्यार?

कूटप्रेमी:
१९९४ साली अमेरिकेत अभियंते फिल कार्न यांनी परराष्ट्र खात्याला विचारलं, कूटलेखनावरचं (संदेश गुप्त ठेवण्याच्या विद्येवरचं) हे पुस्तक परदेशी पाठवू का? खुशाल पाठवा म्हणाले. मग त्याच पुस्तकात छापलेला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा माणसाला वाचता येणारा मजकूर, फ्लॉपीवर घालून विचारलं. आता मात्र परवाना हवा, हे युद्धसामग्रीच्या यादीत बसतं! कागदावर असेपर्यंत लेखन आणि फ्लॉपीवर चढलं की दारूगोळा. माझ्या मते कोड प्रसिद्ध करणं हे लिहिणंच आहे. १९९९ मध्ये नाइन्थ सर्किट या अमेरिकी अपील न्यायालयानेही कूटलेखनाच्या कोडवरच्या बर्नस्टाइन खटल्यात तसंच म्हटलं.

शंकेखोर:
फरक आहेच की. पुस्तकातला कोड कोणीतरी बसून टंकावा लागतो, एक अर्धविराम सुटला तरी कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर अडून बसतो. फ्लॉपी घातली की काम सुरू.

कूटप्रेमी:
टंकतंय कोण? १९९७ मध्ये पीजीपी या संदेश गुप्त करणाऱ्या प्रोग्रॅमचा कोड पुस्तकांत छापून कायदेशीरपणे बाहेर नेला आणि युरोपात हजारो पानं स्कॅन करून प्रोग्रॅम पुन्हा उभा केला. तुमची ती भिंत तेव्हाच कोसळली.

वकिली_चष्मा:
मध्येच बोलतो. बर्नस्टाइनचा तो निकाल फेरसुनावणीसाठी मागे घेतला गेला होता, त्याचा दाखला देऊ नका. कूटलेखनाच्या कोडवरचाच जंगर खटला घ्या, सिक्स्थ सर्किट, २०००. तिथे कोडची तुलना स्वरलिपीशी केली आहे: बहुतेकांना वाचता येत नाही, म्हणून ती अभिव्यक्ती नाही असं होत नाही.

शंकेखोर:
उपमा गोड आहे, पण अर्धीच. स्वरलिपीने कुणाचं कुलूप उघडत नाही. २००१ च्या कॉर्ली निकालात सेकंड सर्किटने कोड ही अभिव्यक्ती आहे हे मान्य केलं, आणि तरी डीव्हीडीचं कुलूप तोडणाऱ्या डीसीएसएस या प्रोग्रॅमवरची बंदी कायम ठेवली. कारण कोड नुसता सांगत नाही, करतोही. मला हेच पटतं. कुलूप कसं तुटतं यावर लेख लिहा, हरकत नाही.

कूटप्रेमी:
आणि तो लेख काटेकोर लिहिला की कोडच होतो, त्याचं काय? अल्गोरिदम गुळमुळीत मराठीत सांगितला तर चालेल, नेमका सांगितला तर गुन्हा? शिवाय कोड उघडा नसेल तर त्यातल्या चुका बाहेरच्यांना वाचून दिसणार कशा?

शंकेखोर:
ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या, कोड उघडा असलेल्या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड ही चूक दोन वर्षं उघड्यावरच पडून होती हो. वाचत कोण होतं?