साहेबी थाटाच्या जुन्या हॉटेलात नाताळ: तुम्ही जाल का?

उंबरठा:
गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं नदीकाठच्या एका वसाहतकाळातल्या हॉटेलात पाच रात्री राहून आलो. नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका हॉटेलाचा नाही. इमारतीच्या मी प्रेमात पडले, हे आधीच सांगते. उंच छत, खोल व्हरांडा, आणि मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या सागवानी पायऱ्या. पहाटे त्या पायऱ्यांवर नुसतं बसून राहावंसं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी हॉटेलतर्फे इमारत दाखवण्याचा फेरफटका होता. जेवणाच्या दालनात छताच्या जरा खाली, भिंतीत मुठीएवढं भोक दिसलं. हे कशासाठी, असं विचारलं. दाखवणारा म्हणाला, हवा खेळायला. मागच्या अंगणात न्हाणीघरांच्या मागच्या दारांशी चढत जाणारे लोखंडी गोल जिने होते. ते शोभेचे, असं सांगून तो आम्हाला बागेकडे घेऊन गेला.

ते भोक दोरीचं होतं. छताला झालरीचा मोठा पंखा टांगलेला असायचा, त्याची दोरी भिंतीतून पलीकडच्या व्हरांड्यात जायची, आणि तिथे बसून एक माणूस ती तासन् तास ओढत राहायचा. गोल जिना मैला उचलणाऱ्या माणसाचा. त्यानं घरातून यायचं नाही, बाहेरूनच चढायचं, कमोडचं भांडं काढायचं आणि कुणाच्या नजरेला न पडता उतरायचं. जुन्या बांधकामांबद्दल थोडंफार वाचलेलं असल्यामुळे मला हे माहीत होतं. बाकीच्या वीस जणांना नव्हतं, आणि ते 'हवा खेळायला' एवढंच घेऊन घरी गेले.

२४ तारखेच्या रात्री मोठी मेजवानी होती. निमंत्रणावर 'सुवर्णकाळात परत चला' असं छापलेलं. वाढपी फेटे आणि पट्टे बांधून भिंतीला लागून उभे. फोटोसाठी एका टेबलावर साहेबांच्या पांढऱ्या टोप्या मांडल्या होत्या. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं एक घातली. मी ती काढून ठेवली. तिनं 'का?' विचारलं, आणि त्या गर्दीत मला धड सांगता आलं नाही. ती हिरमुसली ते आजही मला लागतं.

माझं मत असं: इमारती जपाव्यात, पण नाताळ-नववर्षाच्या या दिवसांत अशा हॉटेलांत राहू नये. एरवी ती जुनी वास्तू असते. या दहा-बारा दिवसांत तिथे साहेबाचं राज्य पुन्हा मांडतात आणि आपण त्याचे चढे दर मोजतो. तुम्हाला काय वाटतं?

पारावरचा:
टोप्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. निष्कर्षाशी अजिबात नाही.

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत माझी पंधरा वर्षं गेली आहेत. लोकांना वाटतं, दगडी इमारत आहे, उभी राहील आपोआप. राहत नाही. चुन्याच्या गिलाव्याला भेग पडली आणि कुणी घाईनं तिथे सिमेंट थापलं, तर भिंतीतली ओल बाहेर पडायला जागाच उरत नाही. दोन पावसाळ्यांत भिंत फुगते, तिसऱ्यात पोपडे नाही, धोंडे पडतात. तिथे चुनाच लागतो, तो मुरवावा लागतो, आणि ते काम जाणणारे गवंडी आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. सागाची एक खिडकी जशीच्या तशी करून बसवायला नव्या दहा खिडक्यांचा वेळ जातो. हा पैसा येतो कुठून? सीझनमधून. हॉटेलवाल्यांना विचारा, वर्षाचा ताळेबंद सावरतात ते हेच दिवस.

पाहुणे यायचे थांबले की काय होतं त्याचं उदाहरण मुंबईत उभं आहे. वॉटसन्स हॉटेल. १८६० च्या दशकातली ओतीव लोखंडाची इमारत, सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजानं आणलेला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. हॉटेल बंद पडलं, आत खोल्या-खोल्यांची कार्यालयं झाली, देखभाल कुणाचीच नाही. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला. तुम्ही न जाण्यानं इतिहास खरा सांगितला जाणार नाही, तो सांगायला भिंतच उरणार नाही.

शिलालेख:
पारावरचा, भिंत उरावी म्हणून आत काय चालतं त्याकडे डोळेझाक करायची का? उंबरठा यांचं म्हणणं मला उलट मवाळ वाटतं. त्या इमारतीला निर्दोष मानतात. मी मानत नाही.

नैरोबीचं नॉरफोक हॉटेल घ्या. ते सुरू झालं १९०४ च्या नाताळच्या दिवशी, म्हणजे या धाग्याच्या विषयातच बसणारं. गोऱ्या वसाहतवाल्यांचा तो अड्डा. १६ मार्च १९२२ ला हॅरी थुकू या कामगार नेत्याच्या सुटकेसाठी लोक जवळच्या पोलीस चौकीसमोर जमले. मेरी न्यांजिरू नावाची बाई पुढे झाली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि हॉटेलच्या व्हरांड्यात बसलेल्या गोऱ्यांनीही त्यात बंदुका चालवल्याच्या नोंदी आहेत. सरकारी आकडा २१ मृतांचा, लोकांचा त्याहून बराच मोठा. मेरी त्यात गेली. आता त्या व्हरांड्यात संध्याकाळी पेय घेत बसायचं, तर हे कळल्यावर घोट कसा उतरेल, ते मला सांगा.

आणि ज्यांच्या देशात ही हॉटेलं होती त्यांना ती कशी दिसत, तेही बघा. २५ जानेवारी १९५२ ला इस्माइलियात ब्रिटिश फौजेनं इजिप्तचे पन्नासच्या आसपास पोलीस मारले. दुसऱ्या दिवशी कैरो पेटलं, आणि त्यात शेफर्ड्स हॉटेल जळून खाक झालं. आग लावणं चुकीचंच. त्या दिवशी शहरातल्या शेकडो इमारती जळाल्या. पण लोकांची पावलं या हॉटेलाकडेही वळली, याचा अर्थ त्यांना ते काय वाटत होतं हे उघड आहे.

काचकमळ:
शिलालेख, नैरोबीचं उदाहरण वाचून गप्प झाले खरी. तरीही मी विरुद्ध बाजूनं बोलणार आहे, कारण तुम्ही दोघंही ही हॉटेलं साहेबालाच बहाल करून टाकताय. ती फक्त त्याची कधीच नव्हती.

सिंगापूरचं रॅफल्स (१८८७), पेनांगचं ईस्टर्न अँड ओरिएंटल (१८८५), रंगूनचं स्ट्रँड (१९०१). ही उभी केली सार्कीज बंधूंनी, इराणातून आलेल्या आर्मेनियन माणसांनी. १९३१ मध्ये त्यांची पेढी बुडाली. मुंबईचं ताज १९०३ चं, म्हणजे शेजारच्या गेटवेपेक्षा वीसेक वर्षांनी थोरलं. पैसा जमशेटजी टाटांचा, आणि मूळ आराखड्यावर काम केलं सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. वैद्य इमारत पुरी व्हायच्या आतच गेले. आपल्याच माणसाचं नाव आपल्याला माहीत नसतं आणि आपण म्हणतो, हे सगळं साहेबाचं.

आता सुराबायाला चला. तिथलं आजचं माजापहित हॉटेल १९१० चं, तेही सार्कीज घराण्याचंच. १७ ऑगस्ट १९४५ ला इंडोनेशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. महिन्याभरानं, १९ सप्टेंबरला, काही डच मंडळींनी या हॉटेलवर लाल-पांढरा-निळा डच झेंडा चढवला. तरुण पोरं छतावर चढली आणि त्यांनी झेंड्याची निळी पट्टी फाडून काढली. उरला लाल-पांढरा, म्हणजे त्यांचा स्वतःचा झेंडा. तो तसाच वर फडकवला. मी त्या हॉटेलासमोर उभी राहून वर बघितलंय. अंगावर काटा आला. त्या जागी राहायचं नाही?

नाताळचंच बोलायचं तर १९४१ च्या नाताळच्या दिवशी हाँगकाँगच्या ब्रिटिश गव्हर्नरनं जपान्यांपुढे शरणागती पत्करली ती पेनिन्सुला हॉटेलात. आणि हनोईचं मेट्रोपोल, १९०१ चं, फ्रेंचांचं. डिसेंबर १९७२ मध्ये ऐन नाताळच्या दिवसांत अमेरिकेची विमानं हनोईवर बॉम्ब टाकत होती तेव्हा गायिका जोन बाएझ तिथे उतरली होती, आणि भोंगा वाजला की सगळे हॉटेलच्या आवारातल्या भुयारी खंदकात जायचे. पुढे तो खंदक बुजला, विस्मरणात गेला. २०११ मध्ये बारच्या दुरुस्तीत खणताना पुन्हा सापडला. आज पाहुण्यांना तो उतरून बघता येतो. नाताळात तिथे राहणं म्हणजे साहेबाला सलाम, असं मी मानायला तयार नाही.

उंबरठा:
काचकमळ, मेट्रोपोलचं उदाहरण माझ्याच पारड्यात पडतं, बघा. त्यांनी खंदक सापडल्यावर पुन्हा बुजवला नाही, मोकळा केला, आणि पाहुणे पळून गेले नाहीत. उलट तो बघायला लोक जातात. मग माझ्या हॉटेलाला दोरीच्या भोकाबद्दल खरं सांगायला काय हरकत होती? 'पाहुण्यांचा मूड जातो' हे कारण मला तिथे ऐकवलं गेलं. वैद्यांचं नाव मलाही माहीत नव्हतं, आभार.

पारावरचा, चुन्याचं पटलं. पण सीझनच्या पैशातून भिंत जपली जाते म्हणून त्या भिंतीबद्दल खोटं ऐकून घ्यायचं, हा हिशेब मला जमत नाही.

भटकी_मांजर:
तत्त्वाचं तुम्ही मोठी मंडळी बघा. मी सहा-सात अशा हॉटेलांत राहिले आहे, दोनदा ऐन नाताळात, आणि माझा विरोध सरळ आहे: या दिवसांत तुम्हाला ती वास्तू मिळतच नाही.

एक तर २४ आणि ३१ ची मेजवानी बऱ्याच ठिकाणी सक्तीची. खोलीच्या दरात ती दिसत नाही, अटींच्या तळाशी असते, लहान मुलांचेही पैसे लागतात. किमान तीन-चार रात्रींची अट, आणि रद्द केलं तर परतावा नाही. दुसरं, आणि हे कुणी सांगत नाही: जुन्या हॉटेलांना बहुधा नवा विंग किंवा टॉवर जोडलेला असतो. पेनिन्सुलाची मूळ इमारत १९२८ ची, तिच्यामागचा तीस मजली टॉवर १९९४ चा. ताजलाही टॉवर आहे. गर्दीच्या दिवसांत उशिरा बुकिंग केलंत की खोली नव्या भागात, आणि जुन्या भागात फक्त न्याहारीला जायचं. मग दगडी व्हरांड्याची स्वप्नं बघून गेलेला माणूस गालिचा घातलेल्या कॉरिडॉरमध्ये लिफ्टची वाट बघत बसतो. बुक करताना 'मूळ इमारतीत, लेखी द्या' असं म्हणायचंच.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जा. दर उतरलेले असतात, पंगती उठलेल्या असतात, आणि म्हातारे कर्मचारी बोलायला मोकळे असतात. माझ्या सगळ्या चांगल्या आठवणी त्याच दिवसांतल्या.

रात्रपाळी:
पहिल्यांदाच लिहितोय इथे. अशाच एका हॉटेलात बावीस वर्षं बँक्वेटला आहे. धागा रात्री पूर्ण वाचला, ड्यूटी संपल्यावर.

ताई, तुम्ही फेटेवाल्यांबद्दल लिहिलंत. त्यातला एक मी समजा. पंधरा डिसेंबर ते दोन जानेवारी आमच्या सुट्ट्या बंद असतात. ब्रेक शिफ्ट: सकाळी न्याहारी, मग चार तास मोकळे, मग मध्यरात्रीपर्यंत. घरच्यांबरोबर एकतीस तारीख मी एकदाही केलेली नाही. तरी मी म्हणेन, या. या दिवसांत जादा पोरं लागतात, त्यातली निम्मी पुढे कायम होतात. मीही तसाच लागलो. सर्व्हिस चार्जचा वाटा याच महिन्यात जरा बरा दिसतो. तुम्ही वरच्या साहेबांना शिक्षा म्हणून येणार नाही, पण ती पहिली लागते आम्हाला.

फेट्याचं म्हणाल तर मला तो जड होतो, उकडतं, आणि तो माझा नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा जणांनी मिळून वर सांगितलं की आम्हाला साधा बंद गळ्याचा कोट द्या. दिला. पाहुण्यांपैकी कुणीही तक्रार केली नाही. सांगितल्यावर होतं काही गोष्टींचं.

शिलालेख:
रात्रपाळी दादा, तुमच्या लिहिण्यानं मी माझं थोडं मागे घेतो. 'जाऊच नये' हे म्हणणं मला सोपं होतं, कारण त्याची किंमत मला मोजावी लागत नाही. नॉरफोकच्या व्हरांड्यात मात्र मी बसणार नाही. ते माझं मला.

पारावरचा:
पाहुण्यांनी जाऊन मागायचं, आतून कर्मचाऱ्यांनी सांगायचं. मला हेच म्हणायचं होतं, दादांनी नीट सांगितलं.

उंबरठा:
दादा, मला शिक्षा करायची नव्हती कुणाला. तुम्ही लिहिलंत ते वाचून दोनदा उत्तर खोडलं. मेजवानीला मी जाणार नाही, पण ते हॉटेल वर्ज्य करणार नाही. जानेवारीत जाईन, आणि मुलीला घेऊन जाईन, कारण तिच्या 'का?'चं उत्तर अजून द्यायचं राहिलंय.

एक विचारू? तुमच्या इमारतीत असं दोरीचं भोक आहे का? कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगता?

रात्रपाळी:
आहे. आमच्या जुन्या दालनात दोन आहेत. नव्या पोरांना मीच सांगून ठेवलंय. लहान मूल असेल तर आधी काही बोलत नाही. त्याला बाहेर व्हरांड्यात नेतो, भिंतीच्या त्या बाजूला. तिथे भोकाच्या खालच्या कडेला लाकडाची चौकट आहे, आणि तिच्यात करंगळी मावेल एवढी गुळगुळीत खाच पडली आहे. स्टूल देतो, चढून खाचेत बोट फिरवायला सांगतो. मग विचारतो, ही कशानं पडली असेल? बहुतेक मुलं दोरी हा शब्द स्वतःच काढतात. दोरी कोण ओढत होतं, हे त्यानंतर तीच विचारतात.